ऐंशी वॅट की शंभर वॅट?

दुकानाच्या काउंटरवर दोन काळ्या पेट्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, असे समजा. आकार सारखाच, दोन्हींच्या तोंडावर एक मोठे फिरते बटण आणि मध्ये आकडे दाखवणारी चकचकीत पट्टी. घरी चित्रपटगृहासारखा आवाज मिळावा म्हणून टीव्हीला जोडायचे हे ‘होम थिएटर रिसीव्हर’. एकाच्या खोक्यावर ‘८० वॅट’ छापले आहे, दुसऱ्याच्या खोक्यावर ‘१०० वॅट’. किमतीत फरक आठ हजार रुपयांचा. मिरचीचे पैसे हाती आले म्हणून एक कुटुंब नंदुरबारहून सकाळच्या गाडीने सुरतेला खरेदीला आले आहे. दुकानदार म्हणतो, “वीस वॅट जास्त आहेत शेठ, फरक तर पडणारच!” वडील मुलाकडे पाहतात, कारण मुलगा दहावीत आहे आणि त्याने शक्ती, विभवांतर, रोध हे सारे शिकलेले आहे. मुलाने काय सांगावे?

आठ हजार रुपये ही थट्टेची रक्कम नव्हे. तेवढ्यात मुलाची वर्षभराची पुस्तके आणि शिकवणी निघू शकते. तेव्हा प्रश्न पुरता तपासून पाहू. त्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र दहावीच्या पुस्तकात जवळजवळ सगळे आहे.

प्रथम ही पेटी करते काय ते पाहू. ‘रिसीव्हर’ हे नाव पडले ते तिच्यात रेडिओ ग्रहण करण्याची सोय असते म्हणून. पण आज तिचे मुख्य काम वेगळेच आहे. टीव्हीकडून किंवा चकती वाजवणाऱ्या यंत्राकडून आलेला दुबळा संदेश ती घेते, त्यातले समोरचे, मधले आणि मागचे आवाज वेगळे करते, आणि प्रत्येक आवाज इतका बलवान करते की त्यावर स्पीकरचा पडदा हलावा. या शेवटच्या कामाला वर्धन म्हणतात आणि ते करणाऱ्या भागाला वर्धक, म्हणजेच अ‍ॅम्प्लिफायर. वर्धक हा शब्द थोडा फसवा आहे. दुबळ्या संदेशातून बलवान संदेश काही निर्माण होत नाही. शक्ती येते ती भिंतीवरच्या प्लगमधून. दुबळा संदेश फक्त तिच्यावर तोटीसारखा अंमल चालवतो. कालव्याचे दार उघडणारा माणूस कालव्यातले पाणी निर्माण करत नाही, तसेच हे.

एवढे लक्षात आले की पहिली तपासणी आपोआप सुचते. जेवढी शक्ती प्लगमधून आत येते त्याहून अधिक शक्ती सतत बाहेर पडू शकत नाही. हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आहे, आणि त्याला कोणत्याही कंपनीची सूट नाही. बाजारात काही स्वस्त संचांवर ‘५००० वॅट पी. एम. पी. ओ.’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. २३० व्होल्टवर ५००० वॅट घ्यायचे तर प्रवाह किती लागेल? ५००० भागिले २३०, म्हणजे जवळजवळ २२ अँपिअर. घरातल्या लहान प्लगची क्षमता असते ६ अँपिअर, म्हणजे फार तर १३८० वॅट. ५००० वॅटचा तो संच खरोखर तसा चालला, तर पहिल्याच ढोलाच्या ठोक्याला घरातला फ्यूज उडायला हवा. तो उडत नाही, याचा अर्थ उघड आहे. पी. एम. पी. ओ. हे मोजमापाचे नावच नाही. एखाद्या क्षणिक शिखराचा, कागदावर काढलेला, वाटेल तसा फुगवलेला आकडा आहे तो. त्याची सर्वमान्य व्याख्याच नाही. असा आकडा दिसला की तो नाही असे समजून पुढे जावे.

पेटीच्या पाठीमागे एक लहान पाटी असते. तिच्यावर किती व्होल्ट, किती हर्ट्झ आणि किती वॅट वीज लागते ते लिहिलेले असते. ही पाटी जाहिरात खात्याने लिहिलेली नसते, म्हणून ती वाचण्यासारखी असते. मात्र तिचा उपयोग बेताने करावा. त्या पाटीवरचा आकडा बहुधा साधारण वापरातला असतो, कमाल नव्हे. त्यामुळे ८० आणि १०० यांतला निवाडा तिच्यावरून होणार नाही. पण पाच हजार आणि साठ यांतला नक्कीच होईल.

आपल्या दोन पेट्या मात्र नामांकित कंपन्यांच्या आहेत आणि त्यांचे आकडे इतके खोटे नाहीत. तरीही एक अडचण उरतेच: ८० वॅट कसे मोजले, आणि १०० वॅट कसे मोजले?

वर्धकातून मिळणारी शक्ती V²/R या सूत्राने ठरते. V म्हणजे स्पीकरच्या टोकांमधील विभवांतर आणि R म्हणजे स्पीकरचा रोध. काटेकोर भाषेत संरोध. ८ ओहमच्या स्पीकरला ८० वॅट द्यायचे तर V किती? ६४० चे वर्गमूळ, सुमारे २५ व्होल्ट. आता तेवढेच विभवांतर ६ ओहमला दिले तर शक्ती होते १०७ वॅट. यंत्र तेच, बटण तिथेच, पण नुसता भाजक बदलून आकडा सत्तावीसने वाढला! प्रत्यक्षात यंत्राला तेवढा प्रवाह पुरवता आला पाहिजे हे खरे. पण खोक्यावर आकडा छापणाऱ्याला ही वाट किती सोयीची आहे ते ध्यानात आले असेल.

दुसरी वाट अधिक गमतीची आहे. वर्धकाला काही एका मर्यादेपलीकडे विभवांतर वाढवता येत नाही. त्याच्या पलीकडे बटण फिरवले, तर तरंगाचे डोके वर जायच्या ऐवजी सपाट कापले जाते. गोल टेकडीच्या जागी धाब्याच्या घराचे छप्पर दिसावे, तसा तरंगाचा आलेख दिसतो. याला म्हणतात विरूपण. कापलेला तरंग कानाला कर्कश लागतो. पण त्याची सरासरी शक्ती मूळ तरंगापेक्षा जास्त असते. किती? शिखर विभवांतर V असलेल्या शुद्ध ज्या-तरंगाची सरासरी शक्ती V²/२R. तोच तरंग पूर्ण कापला जाऊन चौकोनी झाला, तर विभवांतर सर्व वेळ V एवढेच राहते आणि शक्ती होते V²/R, म्हणजे बरोबर दुप्पट. म्हणून ‘विरूपण १० टक्के चालेल’ असे ठरवून मोजले की वॅट वाढतात. खरे तर तेवढे विरूपण असलेले गाणे कोणी दोन मिनिटेही ऐकणार नाही.

तिसरी वाट म्हणजे पाच चॅनेलपैकी एकच चालू ठेवून मोजायचे. पाचही चॅनेलांना वीज पुरवणारा भाग एकच असतो. विहीर एक आणि मोटा पाच. एकच मोट चालवली तर तिला हवे तेवढे पाणी मिळेल.

या तिन्ही वाटा एकत्र केल्या की काय होते पाहा. रिसीव्हरबरोबर येणाऱ्या तांत्रिक पत्रकात एकाच यंत्राचे असे दोन आकडे नेहमी आढळतात: ‘८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, दोन चॅनेल चालू, विरूपण ०.०८ टक्के: ८० वॅट’ आणि त्याखाली ‘६ ओहम, १००० हर्ट्झ, एक चॅनेल चालू, विरूपण १० टक्के: १४५ वॅट’. खोक्यावर कोणता आकडा मोठ्या अक्षरांत येतो हे सांगायला नको. तेव्हा दुकानातल्या त्या मुलाने पहिला प्रश्न ‘किती वॅट’ असा न विचारता ‘किती ओहमवर, किती चॅनेल चालू, किती टक्के विरूपणाला’ असा विचारावा. दुकानदाराला उत्तर येत नसेल तर पत्रक मागावे. शंभर वॅटवाला यंत्र दुसऱ्या रीतीने मोजलेला आणि ऐंशीवाला पहिल्या रीतीने मोजलेला असेल, तर ऐंशी वॅटवालाच अधिक बलवान निघण्याचा संभव आहे.

हा घोळ नवा नाही. अमेरिकेत तो इतका माजला होता की १९७४ साली तेथील फेडरल ट्रेड कमिशनला घरगुती वर्धकांच्या शक्तीचे आकडे कोणत्या अटींवर छापावेत याचा नियम करावा लागला. पुढे बहुचॅनेल रिसीव्हर आले आणि पळवाटा पुन्हा सापडल्या. म्हणून २०२४ साली तो नियम सुधारून अटी पक्क्या केल्या: ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, आणि विरूपण १ टक्क्याच्या आत.

बरे, समजा की दोन्ही पेट्या अगदी सारख्याच अटींवर मोजल्या आहेत. एक खरोखर ८० वॅटची आहे, दुसरी खरोखर १०० वॅटची. आता तरी शंभरवाली सव्वापट मोठ्याने वाजेल ना?

येथे आपल्याला दुकान सोडून सातपुड्यात जावे लागेल. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी प्रसिद्ध आहे. रात्रभर मोठमोठे ढोल घुमत असतात. कल्पना करा की अंधारात तुम्ही थोडे दूर, पाठ करून उभे आहात आणि आठ सारखे ढोल वाजत आहेत. आणखी दोन ढोलवाले येऊन त्यांच्यात मिसळले. आठाचे दहा झाले. तुम्हांला ते कळेल का? मोठ्या मुश्किलीने. पण एकच ढोल वाजत असता आणखी नऊ येऊन मिळाले, तर मात्र आवाज वाढल्याचे चटकन जाणवेल. आणि तरीही तो दहापट झाला असे कोणी म्हणणार नाही. ‘दुपटीसारखा वाटतो’ असे म्हणेल.

आपल्या कानाची रीतच अशी आहे. झाडाचे पान सळसळले तरी ऐकू यावे आणि डोक्यावर वीज कडाडली तरी सहन व्हावी, म्हणून कान बेरजेने न चालता गुणाकाराने चालतो. याच कारणाने ध्वनीच्या पातळीसाठी डेसिबेल हे लॉगरिथमवर आधारलेले माप वापरतात. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याच्या नावावरून ते नाव आले. दोन शक्तींमधील फरक डेसिबेलमध्ये काढायचा, तर त्यांच्या गुणोत्तराचा लॉगरिथम घेऊन त्याला दहाने गुणायचे. शक्ती दहापट झाली की फरक १० डेसिबेल. शक्ती दुप्पट झाली की ३ डेसिबेल. आणि ८० ची १०० झाली की? १.२५ चा लॉगरिथम ०.०९७, दहाने गुणून ०.९७. म्हणजे पुरता एक डेसिबेलही नाही! एक डेसिबेलचा फरक शांत खोलीत, लक्ष देऊन, लागोपाठ ऐकवला तर जेमतेम ओळखता येतो. आणि हा फरकसुद्धा दोन्ही यंत्रे अगदी शेवटच्या टोकापर्यंत ताणली तरच. दोन्ही बटणे अर्ध्यावर असतील तर शंभरवाल्या यंत्राचे ते जास्तीचे वीस वॅट पेटीत स्वस्थ बसून असतात.

आठ हजार रुपये ०.९७ डेसिबेलसाठी. वडिलांना सांगण्याजोगा हिशेब आहे हा.

आता स्पीकरकडे वळू, कारण त्याच्याकडे ग्राहकाचे लक्ष सहसा जात नाही. वर्धकाने दिलेल्या शंभर वॅटपैकी ध्वनी म्हणून खोलीत येतात किती? घरगुती स्पीकरमध्ये बहुधा एक वॅटसुद्धा नाही. बाकीचे नव्याण्णव वॅट तारेच्या गुंडाळीत उष्णता होऊन संपतात. स्पीकर हे खरे पाहता आवाज करणारी लहानशी शेगडीच आहे. पण या शेगड्या सगळ्या सारख्या नसतात. म्हणून स्पीकरच्या पत्रकात ‘संवेदनशीलता’ लिहिलेली असते: १ वॅट दिला असता १ मीटर अंतरावर किती डेसिबेल. ८५, ८८, ९१ असे आकडे त्यात दिसतात आणि खरेदीदाराला ते जवळजवळ सारखे वाटतात. पण ८८ आणि ९१ यांत फरक ३ डेसिबेलचा, म्हणजे शक्तीत दुपटीचा आहे. ९१ च्या स्पीकरला ४० वॅट पुरतात तेवढ्या आवाजासाठी ८८ च्या स्पीकरला ८० वॅट लागतात.

घरात खरोखर लागते तरी किती? ८८ डेसिबेलचा स्पीकर, १ वॅट, १ मीटर. उघड्या मैदानात ३ मीटरवर ही पातळी साडेनऊ डेसिबेलने उतरेल. पण खोलीत भिंती आवाज परत पाठवतात आणि स्पीकरही एकाहून अधिक असतात, म्हणून बैठकीच्या जागी ढोबळमानाने ८२ डेसिबेल धरू. मीटरभर अंतरावरून बोलणाऱ्या माणसाचा आवाज ६० च्या आसपास असतो. म्हणजे एका वॅटला ८२ हा चांगलाच मोठा आवाज झाला. बहुतेक जण ७२ च्या जवळपास ऐकतात, तिथे वॅटचा दहावा भाग पुरतो! मग उरलेले वॅट कशाला? ते लागतात स्फोटाच्या, ढोलाच्या, टाळीच्या क्षणिक शिखरांसाठी. शिखर सरासरीच्या २० डेसिबेल वर गेले तर शंभरपट शक्ती लागेल; ०.१ वॅटचे १० वॅट होतील. यापेक्षा पुष्कळ मोठ्याने ऐकण्याची हौस असली तर ऐंशीची मर्यादा गाठली जाईल. पण तेव्हा शंभराचीही गाठली जाईलच, फक्त एक डेसिबेल पुढे.

स्पीकरनंतर खोली. माझ्या मते घरगुती आवाजाचा निम्म्याहून अधिक निकाल खोलीच लावते, आणि तिच्यासाठी पैसे सर्वांत कमी लागतात. सातपुड्यातल्या कुडाच्या भिंतींच्या घरात आवाज घुमत नाही. तो फटींतून निघून जातो आणि मातीच्या सारवणात जिरतो. आता गावोगाव स्लॅबची घरे झाली. गिलाव्याच्या गुळगुळीत भिंती, खाली चकचकीत फरशी, वर सिमेंटचे छत. अशा नव्या, रिकाम्या खोलीत टाळी वाजवून पाहा. टाळी संपली तरी तिची शेपटी ऐकू येत राहते. चित्रपटातले संवाद नीट न कळण्याचे मोठे कारण हेच असते. एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. आवाज वाढवला तर शेपटीही वाढते, म्हणून अधिक वॅटांनी हे दुखणे बरे होत नाही.

या शेपटीचे गणित बसवले ते वॉलेस सॅबिन या तरुण अमेरिकन प्राध्यापकाने. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाने त्याला एक काम सांगितले: फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेले काही समजत नाही, तेवढे पाहा. सॅबिनकडे आजच्यासारखी उपकरणे नव्हती. त्याने ऑर्गनची एक नळी घेतली, घड्याळ घेतले आणि स्वतःचे कान. नळी वाजवून बंद करायची आणि आवाज पुरता विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. दिवसा वर्दळ असे, म्हणून काम रात्री. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात पसरायच्या, पुन्हा मोजायचे. पहाटे गाद्या परत जागच्या जागी. अशा कित्येक रात्रींनंतर त्याला जे सूत्र मिळाले ते आजही वापरतात. निनादकाल, म्हणजे आवाज ६० डेसिबेलने उतरायला लागणारे सेकंद, बरोबर ०.१६१ गुणिले खोलीचे घनफळ भागिले एकूण शोषण. शोषण मोजायचे एकक त्याने फार सुंदर निवडले: उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक शोषण.

आपल्या बैठकीच्या खोलीचा हिशेब करू. लांबी ४ मीटर, रुंदी ३.५, उंची ३. घनफळ ४२ घनमीटर. भिंती, फरशी, छत मिळून ७३ चौरस मीटर. गुळगुळीत गिलावा आणि फरशी पडलेल्या ध्वनीपैकी शेकडा तीनच्या आसपास शोषतात असे धरू, म्हणजे शोषण २.२ एकके. निनादकाल आला ३ सेकंदांहून थोडा जास्त. देऊळच ते! आता दीड चौरस मीटरची खिडकी उघडली: दीड एकक. दोन चौरस मीटरचे दार उघडले: दोन एकके. फरशीवर गादी टाकली, मागच्या भिंतीला दोन जाड गोधड्या टांगल्या: अडीच एकके धरू. घरातली पाच माणसे येऊन बसली, दर माणशी अर्धे एकक: आणखी अडीच. बेरीज १०.७. निनादकाल ०.६३ सेकंद. तीन सेकंदांवरून पाऊण सेकंदाच्याही खाली, आणि खर्च जवळजवळ शून्य. दोन सारख्या रिसीव्हरांमध्ये एवढा फरक कुठेही सापडणार नाही. दार-खिडकी उघडी ठेवून चित्रपट लावला तर शेजाऱ्यांचे काय, हा प्रश्न मात्र सॅबिनच्या सूत्रात येत नाही. त्याला रहिवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा लागू आहे: दिवसा ५५ डेसिबेल, रात्री ४५. म्हणून गोधडीचा मार्ग बरा.

मग दोन रिसीव्हरांत काहीच पाहायचे नाही की काय? पाहायचे, पण वॅट सोडून. आपले स्पीकर ४ ओहमचे असतील तर रिसीव्हर ४ ओहम चालवून घेतो असे पत्रकात लिहिले आहे का ते पाहावे, कारण रोध निम्मा झाला की प्रवाह दुप्पट होतो आणि पेटी तापते. तापण्यावरून आठवले: नंदुरबारचा मे महिना आणि काचेची बंद शोकेस यांच्या मधोमध रिसीव्हर ठेवणे म्हणजे त्याला चुलीवर ठेवणे आहे, वर वीतभर तरी जागा मोकळी हवी. विजेचा दाब आमच्याकडे कमी-जास्त होतो. साध्या रोहित्रावर चालणाऱ्या वर्धकात दाब २३० चा २०० झाला, तर कमाल शक्ती २०० भागिले २३० याच्या वर्गाने, म्हणजे सुमारे चौथाईने कमी होते. ऐकायला भयंकर वाटते, पण डेसिबेलमध्ये ती घट केवळ १.२ आहे. खरी भीती असते ती अचानक वाढणाऱ्या दाबाची, आणि तिच्यापासून यंत्र बिघडले तर दुरुस्ती केंद्र कुठे आहे हा प्रश्न वीस वॅटांपेक्षा फार मोठा ठरतो. तो दुकानातच विचारावा. टीव्ही आणि इतर यंत्रे जोडायला पुरेशी एच.डी.एम.आय. छिद्रे हवीत, हेही पाहावे.

एक सोय मात्र जरूर पैसे देण्याजोगी आहे. काही रिसीव्हरांबरोबर लहानसा मायक्रोफोन येतो. तो बैठकीच्या जागी ठेवला की यंत्र प्रत्येक स्पीकरमधून एक ठराविक आवाज काढते, तो मायक्रोफोनपर्यंत पोचायला लागलेला वेळ मोजते आणि त्यावरून स्पीकरचे अंतर काढते. मधला स्पीकर अडीच मीटरवर आणि मागचा १.२ मीटरवर असेल तर मागचा आवाज ३.७ मिलिसेकंद आधी येईल. यंत्र त्याला तेवढा वेळ थोपवून धरते. येथे ध्वनीचा वेग ३५ अंश सेल्सिअसला सेकंदाला ३५२ मीटर धरला आहे. खानदेशच्या उन्हाळ्यात ध्वनीही जरा घाईत असतो.

मुलांनी एका गोष्टीची खूणगाठ बांधावी. अधिक वॅट घेऊन ते खरोखर वापरले तर किंमत कान देतो. ८५ डेसिबेल आवाजात दिवसाला आठ तासांपर्यंत राहणे ही कामगारांच्या कानांसाठी रूढ असलेली एक मर्यादा आहे, आणि पातळी दर ३ डेसिबेलने वाढली की तो काळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० डेसिबेलला पाव तास. वरातीतल्या डी.जे.च्या भिंतीसमोर नाचणाऱ्यांनी हा गुणाकार पुढे चालवून पाहावा. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

“हे सगळे ठीक आहे सर, पण शंभरवाला मी ऐकला, तो खरोखरच चांगला वाजत होता,” असे कोणी म्हणेल. त्यांचे ऐकणे खोटे नसते. पण दोन आवाजांत एक किंचित मोठा असला तर आपला कान त्याला ‘मोठा’ न म्हणता ‘चांगला’, ‘भरदार’, ‘स्वच्छ’ म्हणतो. दुकानात महागड्या यंत्राचे बटण केसभर पुढे सरकलेले असले की काम झाले. म्हणून तुलना करायची तर आधी आवाज सारखे करावे लागतात आणि कोणते यंत्र चालू आहे ते ऐकणाऱ्यापासून लपवावे लागते. १९८७ साली ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकन मासिकाने अशी चाचणी घेतली. काहीशे डॉलरपासून हजारो डॉलरपर्यंतचे वर्धक, आवाज सारखे केलेले, नावे झाकलेली. ऐकणाऱ्यांत स्वस्त-महाग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे असे ठामपणे मानणारेही होते. एकूण उत्तरे जवळजवळ नाणेफेकीइतकीच बरोबर आली.

ही चाचणी शाळेत करता येते. कोणतेही दोन चालू वर्धक, एक स्पीकर, प्रयोगशाळेतली सहा टोकांची दोन-मार्गी कळ आणि एक मल्टिमीटर पुरे. शिक्षक जवळ असावेत. कळ अशी जोडावी की स्पीकरच्या दोन्ही तारा एका वर्धकापासून पूर्ण सुटल्यावरच दुसऱ्याला लागतील; दोन वर्धकांची टोके एकमेकांना कधीही भिडता कामा नयेत, नाहीतर दोन्ही जळतील. मोबाइलमधून १०० हर्ट्झचा सूर दोघांना द्यावा आणि स्पीकरच्या टोकांवर प्रत्यावर्ती विभवांतर मोजून बटणे अशी लावावीत की दोन्ही वाचने शेकडा दोनच्या आत जुळतील. तेवढ्याने पातळ्या ०.२ डेसिबेलच्या आत येतात. मल्टिमीटरला २० व्होल्ट किंवा त्याहून लहान प्रत्यावर्ती पल्ला हवा. काही स्वस्त मीटरांचा सर्वांत लहान पल्ला २०० व्होल्टचा असतो, त्यावर हे जुळवणे नीट होत नाही. बटणांवर चिकटपट्टी लावून टाका, म्हणजे चुकून हलणार नाहीत. मग सूर काढून ओळखीचे गाणे लावावे. एकाने पडद्याआड बसून नाणे उडवावे आणि त्याप्रमाणे कळ टाकावी. ऐकणाऱ्याने ‘पहिला’ की ‘दुसरा’ ते लिहावे.

दहापैकी सात उत्तरे बरोबर आली तर वर्गात आरडाओरडा होईल, पण थांबा. नुसत्या अंदाजाने सात किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये १७६, म्हणजे सहात एक आहे. नऊ किंवा दहा बरोबर आली तर गोष्ट वेगळी. ती शक्यता १०२४ मध्ये अवघी ११ आहे. सात-आठवर अडलात तर त्याच मुलाला नव्याने वीस वेळा ऐकवा. वीसपैकी पंधरा किंवा अधिक अंदाजाने जुळण्याची शक्यता सुमारे दोन टक्के येते. हा आकडा कसा आला ते अकरावी-बारावीच्या मुलांनी द्विपद प्रमेय वापरून स्वतः काढून पाहावे.